पावणेपाच ते साडेसहा

१४ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा थांबले. दहा ठरवले होते. सातव्या किलोमीटरला, अंबाझरीच्या रस्त्यावर, डोळ्यांपुढे काळं आलं आणि कठडा धरून बसले. शोभाताई पुढे गेल्या होत्या, त्या परत आल्या. एकसष्ट वर्षांच्या बाई, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या — त्यांना माझ्यासाठी मागे फिरावं लागतं. लाज वाटली.

फेब्रुवारीतही असंच झालं होतं. हाफ मॅरेथॉनमध्ये सोळाव्या किलोमीटरला श्वासच संपला. थकलेल्यांना उचलायला मागून येणाऱ्या गाडीत बसवलं मला. गाडीत आणखी दोघं होते, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. मी बेचाळीसची.

शोभाताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जगाचं रक्त काढत बसते तू. स्वतःचं कधी तपासलं?"

नाही तपासलं. अठरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. एकदाही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

लॅब उघडल्याबरोबर पहिलं सॅम्पल माझंच. उजव्या हाताने डाव्या हातातून काढलं — जमतं. मशीनमधून कागद आला. हिमोग्लोबिन ८.४.

दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट असता तर लाल पेनने गोल करून डॉक्टरांकडे पाठवला असता. स्वतःचा घडी करून पर्समध्ये टाकला. दुपारी बाहेर काढला आणि गोल केला. मग गेले डॉक्टरांकडे.

घरी सांगितलं. आई, म्हणजे सासूबाई, भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, बायकांचं कमीच असते, त्यात काय एवढं. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवून सगळं विचारलं — किती असायला पाहिजे, किती आहे, गोळी कोणती, किती दिवस. काटोलला शाळेत हेडमास्तर होते माझे सासरे. अजून कोणी काही सांगितलं की तोंडी परीक्षा घेतात. मला मुळीच राग येत नाही त्याचा. घरात माझ्या पळण्याबद्दल प्रश्न विचारणारे ते एकटेच.

२८ सप्टेंबर, रविवार

नाव नोंदवलं. ८ फेब्रुवारी. एकवीस किलोमीटर. एकोणीस आठवडे आहेत.

शोभाताईंनी सरावाचा तक्ता करून दिला, तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. मग घराचा तक्ता त्याच्याशेजारी मनातल्या मनात लावून पाहिला. नवरा पियूष वणीला, कोळसा खाणीत सर्व्हेअर. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे जातो. मुलगी सोनिका दहावीत, तिची व्हॅन सातला. आई-बाबा तीन वर्षांपासून इथे बेसाला आमच्याजवळ. मला साडेआठला मानेवाड्याला लॅबमध्ये पोचायचं. मग दिवसात माझं म्हणून काय उरतं?

पावणेपाच ते साडेसहा. त्याच्या आधी झोप, त्याच्यानंतर कुकर.

हा वेळ मी कोणाला मागितला नाही. कोणी उठायच्या आत घेते, कोणाच्या लक्षात यायच्या आत परत आणून ठेवते.

१२ ऑक्टोबर, रविवार

दहा. न थांबता!

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. पियूषला ओवाळलं. जेवताना तो म्हणाला, एवढं पळून तुला पोचायचं तरी कुठे आहे? हसत म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मग बाबा म्हणाले, "तू दहावीच्या पार दोनदा पोचला नव्हता, तवा आम्ही विचारलं का गा तुले?" सोनिकाला इतकं हसू आलं की ती पानावरून उठली. तिला माहीतच नव्हतं!

दोन दिवस पळाले नाही. पायांना बरं वाटलं, मला नाही. उद्यापासून पुन्हा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

हिमोग्लोबिन १०.१. सहा आठवड्यांत. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडलेलं असतं, तोंडाला लोखंडाची चव असते, चालेल. चढावर आता छाती फुटत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटल. बाहेरच्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर डोकं थांबणार नाही.

परवा, मंगळवारी, नेहमीसारखी पावणेपाचला निघाले. फोन किचनमध्ये चार्जिंगला. मी फोन नेत नाही, हातात धरून पळता येत नाही. घोगलीच्या रस्त्याने गेले, बारा किलोमीटर झाले, इतके छान झाले की शेवटचा एक जोरात पळाले. सहा पस्तीसला घरी. फाटक उघडं. दार उघडं. घरात कोणीच नाही. बाथरूममध्ये बादली भरून वाहत होती.

किचनमध्ये फोन पाहिला. सोनिकाचे अकरा मिस्ड कॉल. माझ्याच किचनमध्ये वाजत होते.

बाबा पाच-दहाला बाथरूममध्ये पडले. आई आणि सोनिकाला उचलले गेले नाहीत. सोनिकाने मला लावला, पियूषला लावला, मग शेजारच्या दादाजींचं दार वाजवलं. सत्तर वर्षांचा माणूस, त्यांनीच गाडी काढली. सहा-वीसला हॉस्पिटलात पोचले.

लकवा. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता उशीर झाला.

उशीर झाला. हेच दोन शब्द दोन दिवसांपासून ऐकू येत आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नणंद आली अमरावतीहून. पिंकी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण ह्या घराची मुलगी. तिने डॉक्टरांना विचारलं, आईला विचारलं, सोनिकाला विचारलं. मग पियूषसमोर म्हणाली, "म्हणजे वहिनी तवा पळून राहिल्या होत्या."

 पियूष भिंतीकडे बघत होता. आई सलाइनच्या बाटलीकडे.

 मी काय बोलणार? पळतच होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांना घरी आणलं. हॉलमध्ये खाट. बाबांना एकच शब्द येतो — बस. पाणी हवं तरी बस. नको तरी बस. पेपर दिला तर डाव्या हाताने दूर सारला आणि म्हणाले, बस. आयुष्यभर वर्गात पोरांना हाच शब्द सांगितला असेल, तोच राहिला जिभेवर. सोनिका आधी हसली, मग आत जाऊन रडली.

बूट खोक्यात घालून माळ्यावर ठेवले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वीस दिवस झाले.

पावणेपाचलाच जाग येते. उठते. बाबांचं सगळं करते — पुसणं, कपडे, चादर. साडेसहापर्यंत होतं. बरोबर तेवढाच वेळ लागतो. मग माझं आवरून लॅब. दिवसभर आई असतात त्यांच्याजवळ. भरवणं, गोळ्या, कूस बदलणं. त्या काही बोलत नाहीत. आधीही कमी बोलायच्या, आता माझ्याशी तर अगदीच. मला वाटतं राग आहे. असणारच.

पियूषचा फोन. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. मी 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर कपाट उघडून तक्ता काढायला गेले. चिकटपट्टी निघाली नाही. तसंच बंद केलं कपाट.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबा उभे राहिले. अकरा सेकंद. सोनिकाने मोजले.

७ डिसेंबर, रविवार

शोभाताई आल्या. बाबांजवळ बसल्या, त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगितल्या — एक हेडमास्तर आणि एक पीटीची बाई, दोघांचं छान जमलं. बाबा मधे मधे बस म्हणत होते, त्या 'हो ना' म्हणत होत्या.

निघताना फाटकाजवळ मला म्हणाल्या, "पळायचं नसेल तर नको पळू. पण बंद करायचं ते तू ठरव. दुसऱ्यानं ठरवलेलं ऐकू नको."

मी म्हटलं, माझ्यामुळे उशीर झाला ताई.

त्यांनी फाटकाची कडी लावली. मग म्हणाल्या, नऊ आठवडे आहेत.

१० डिसेंबर, बुधवार

छतावर पळते आहे. तीन दिवस झाले. चारला उठते, चार-दहा ते पावणेपाच छतावर, मग बाबांचं. फोन कठड्यावर, आवाज पूर्ण मोठा. टाकीपासून जिन्यापर्यंत एकोणीस पावलं, वळायचं, पुन्हा एकोणीस. थंडी अशी की नाकाचं टोक जाणवत नाही. वळून वळून डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. जनावर खुंट्याभोवती फिरतं तसं वाटतं. पण पाय चालतात! पाच आठवड्यांत विसरले नव्हते.

कोणाला सांगितलं नाही. पायांचा आवाज खाली जात असेल का?

१३ डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहायला पाहिजे. जसं घडलं तसं.

आज छतावरून खाली उतरले तर किचनमध्ये दिवा. आई मेथी निवडत बसल्या होत्या, पावणेपाचला. म्हणजे आवाज जात होता. मी बाबांकडे वळले तशा म्हणाल्या, "थांब वं जराशी."

बसले समोर. त्यांनी मान वर केली नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"त्या दिवशी यायचा, बाबाचा, हात आदल्या रातीच जड झाल्ता. जेवून उठले अन् म्हणाले, मुंग्या येऊन राहिल्या. मी बाम चोळून देल्ला. म्हटलं झोपा, सकाळी पाहू. कामिनीले उठवतो म्हणत होते, मीच नाही म्हटलं. तू थकून आल्ती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"पिंकी बोलली तवाच सांगाचं होतं. तोंडच उघडलं नाही माह्यं. मंग रोज वाटे, आज सांगतो. रोज दिवस निघून जाये." मेथीची जुडी संपली होती, तरी हात चालूच होते. "तुह्या पळण्यानं काही झालं नाही, कामिनी. माह्या बामानं झालं."

इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. मी लॅबमध्ये काम करते, मला माहीत आहे. पाच-दहाला पडले, सहा-वीसला हॉस्पिटलात. मग उशीर कसा होईल? साधी वजाबाकी. सव्वा महिना मी ती केली नाही. मी दोषी आहे हे इतकं पक्कं धरलं होतं की हिशोब तपासायचं सुचलंच नाही. डॉक्टरांना दिसलं असेल स्कॅनमध्ये, की हे रात्रीचं आहे. त्यांनी विचारलं होतं, त्रास कधी सुरू झाला? आईंनी सांगितलं होतं — आत्ता, पडले तवा.

त्या उठल्या, भाजी धुवायला घेतली, आणि पाठ करून म्हणाल्या, "उद्यापासून यायचं मी पाहतो. तू खाली उतर अन् रस्त्यावर पळ. छतावर गोल गोल फिरून काय होते?"

 बाबांचं आवरलं. लॅबला गेले. तिथे एका बाईच्या हातात दोनदा सुई घातली, शीर सापडेना. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

चौदा किलोमीटर. रागात.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, सिव्हिल लाइन्सकडे सगळीकडे बॅरिकेड, म्हणून आउटर रिंग रोडने गेले. ट्रकच्या धुळीत. पहिले पाच किलोमीटर मी आईंशी भांडत होते. पिंकी बोलली तेव्हा तुम्ही बाटलीकडे बघत होत्या. मी सकाळ-संध्याकाळ तुमच्यासमोर मान खाली घालून फिरत होते, ते तुम्ही बघत होत्या. चाळीस दिवस!

मग आठव्याच्या पुढे दुसरं आठवायला लागलं. त्यांनी मला उठवू दिलं नाही कारण मी थकले होते. त्या दिवशी लॅबमध्ये कॅम्प होता, मी खरंच साडेनऊलाच झोपले. त्या माणसाचा हात चोळत ती बाई बसली होती आणि तिला माझ्या झोपेची काळजी होती.

राग गेला नाही. पण त्याच्यासोबत आणखी काही आलं. दोन्ही घेऊन पळाले.

घरी आले तेव्हा बाबांचं अंग पुसून झालं होतं, केस विंचरलेले. आईंनी चहा दिला. मी घेतला. पियूषला किंवा पिंकीला मी सांगणार नाही. ते माझं सांगणं नव्हे.

२१ डिसेंबर, रविवार

पडले. बेसाच्या रस्त्याचं सिमेंटचं काम सुरू आहे, खोदून ठेवलं, ना दिवा ना दोरी. डावा गुडघा फाटला. तीन टाके. डॉक्टर म्हणाले दहा दिवस अजिबात नाही.

सोनिका म्हणाली, आई, आता आपल्या घरात लंगडणारे दोन. मग आम्ही दोघांनी — मी आणि बाबांनी — संध्याकाळी हॉलमध्ये एकत्र चालायचा व्यायाम केला. ते वॉकर धरून, मी भिंत धरून. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बस. यावेळी मला वाटतं त्यांना खरंच बस म्हणायचं होतं.

ऐकलं नाही मी. ते पण बसले नाहीत. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

२ जानेवारी, शुक्रवार

टाके काढले. चार किलोमीटर, हळू. गुडघा कुरकुरतो पण धरतो. तक्त्याप्रमाणे या आठवड्यात सतरा व्हायला हवे होते. शोभाताई म्हणाल्या, तक्ता विसर, जे आहे त्यातून पुढे चल. हिमोग्लोबिन ११.३.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पिंकी तिळाचे लाडू घेऊन आली. बाबांनी तिला पाहून डावा हात वर केला, ती खूश झाली. म्हणाली, किती सुधारले! मग मला म्हणाली, "तरी त्या दिवशी वेळेवर नेलं असतं तर आज चालत असते न, वहिनी."

तिच्या मनात तसं वाईट काही नव्हतं. बापाचं दुःख होतं. मी लाडवांचा डबा उघडत होते, उघडत राहिले.

आई बाबांना भरवत होत्या. वाटी खाली ठेवली. पदराने त्यांचं तोंड पुसलं. आणि पिंकीला म्हणाल्या, "तिले नको बोलू. रातीच झाल्तं ते. मले माहीत होतं."

सगळं सांगितलं. बाम, मुंग्या, उठवू नका म्हटलं ते, डॉक्टरशी खोटं बोलल्या ते. आवाज चढला नाही, रडल्या नाहीत. पोस्टात जाऊन पावती मागावी तसं सांगितलं. बाबा समोर होते. बाबा ऐकत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

पिंकी खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं, आई?"

"आता सांगून राहिली न."

बाबांनी डावा हात हळूहळू पुढे केला आणि आईंच्या मनगटावर ठेवला. काही म्हणाले नाहीत. तो एक शब्दही नाही.

पिंकीने माझी माफी मागितली नाही, आणि मला नकोही होती. भांडी घासली तिने. संध्याकाळचा व्यायाम करून घेतला बाबांचा. जाताना फाटकाजवळ म्हणाली, आठ तारखेला बाबांजवळ थांबायला येऊ का? मी म्हटलं, नको, पियूष आहे.

पियूषला अजून हे माहीत नाही.

१८ जानेवारी, रविवार

पियूषशी बोलले. दोन गोष्टी. आईंचं त्यांनी स्वतःच काल सांगितलं होतं, त्यामुळे तो आधीच गप्प गप्प होता. मला म्हणाला, मी पण काही बोललो नव्हतो तेव्हा. मी म्हटलं, हो, नव्हता बोलला.

दुसरी गोष्ट — आठ तारखेला सकाळी चारपासून मी येईपर्यंत बाबांचं सगळं तू करायचं. आंघोळसुद्धा. तो म्हणाला, आई आहे ना. मी म्हटलं, आहेत. पण तू.

त्याने बाबांच्या खाटेकडे पाहिलं. मग विचारलं, पाणी किती गरम लागतं?

सोळा किलोमीटर झाले आज. याच आकड्यावर मागच्या वर्षी गाडीत बसले होते. आज बसस्टॉपजवळ उभी राहून एक संत्रं खाल्लं आणि चालत घरी आले.

२५ जानेवारी, रविवार

एकोणीस. शेवटचे दोन रडत. पण एकोणीस.

बाबा वॉकर घेऊन फाटकापर्यंत आले. दादाजी त्यांच्या फाटकातून टाळ्या वाजवायला लागले तर बाबांना राग आला, तसेच उलटे फिरले. जुना स्वभाव. फार बरं वाटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

आठ, अगदी सावकाश. सोनिकाची प्रॅक्टिकल सुरू. मला परीक्षेची भीती तिच्यापेक्षा जास्त.

८ फेब्रुवारी, रविवार

झालं.

क्रमाने लिहिते. सहाला सुरुवात, अंधारच होता. शोभाताई म्हणाल्या, माझ्यासोबत येऊ नको, आपल्या पायाने ये. गेल्या पुढे. मी पहिले पाच मुद्दाम मागे राहिले. लोक ओलांडून जात होते, जाऊ दिले. दहाव्याला एक तास एकोणीस मिनिटं. उन्ह आलं. चौदाव्याला गुडघा बोलायला लागला, त्याला म्हटलं बोल.

सोळाव्याला ती गाडी मागून आली. तीच असेल असं नाही, पण तशीच. हळू चालवत एका मुलीने खिडकीतून विचारलं, मॅडम, बसता का? मी मानेनेच नाही म्हटलं. ती म्हणाली, काही हरकत नाही, लागलं तर आम्ही मागेच आहोत. चांगली मुलगी होती. तरी मला तिची इतकी भीती वाटली की पुढचा एक किलोमीटर आजचा सगळ्यात जोरात गेला!

मूर्खपणा. अठराव्याला पोटरीत गोळा आला. दगडासारखी झाली पोटरी. फुटपाथवर बसून दाबली. बसले तेव्हा ठरवलं की रांगत गेले तरी जाईन. शब्दशः तसंच ठरवलं, कारण मी एका माणसाला पहिल्यांदा अकरा सेकंद उभं राहताना पाहिलं आहे, आणि मग फाटकापर्यंत जाताना. त्याला तीन महिने लागले. मला तीनच किलोमीटर होते.

शंभर पावलं चालले, शंभर पळाले. मग साठ चालले, शंभर पळाले. शेवटच्या वळणावर चालले नाही.

दोन तास त्रेपन्न मिनिटं. मेडल गळ्यात घातलं कोणीतरी. शोभाताई तिथे उभ्या होत्या, वीस मिनिटांपासून. त्यांनी माझा दंड धरला, कारण मी पडत होते.

त्यांच्या फोनवरून घरी लावला. पियूषने उचलला. मी सांगायच्या आधीच तो म्हणाला, "बाबांची आंघोळ झाली. सव्वा तास लागला. माझी कंबर गेली. तू हे रोज करून लॅबला जात होती?"

मी म्हटलं, पियूष, झालं माझं. एकवीस.

 तिकडून सोनिका ओरडली, फोन स्पीकरवर होता.

घरी आले तेव्हा आईंनी गरम पाण्याचं घमेलं पायांजवळ ठेवलं आणि बाजूला बसून राहिल्या. मेडल हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाल्या, जड आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

जिना उलटा उतरावा लागतो. लॅबमध्ये सगळे हसले. नोव्हेंबरमध्ये आणखी एक शर्यत आहे. 'बघू' नाही. पळणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पावणेपाचला बूट घालून खाली आले तर आई दारात उभ्या. ठेवणीतली साडी, स्वेटर, भरलेली पिशवी. बाहेर ऑटो. भिवापूरला चालल्या, धाकट्या बहिणीकडे. पंधरा दिवस.

मी म्हटलं, आई, असं अचानक? विचारलं असतं तर—

"विचारून नाही राहिली मी. सांगून राहिली. यायची दहाची गोळी चुरा करून देजो." पिशवी स्वतःच उचलली. ऑटोत बसताना माझ्या पायांकडे पाहिलं.

ऑटो वळेपर्यंत फाटकात उभी होते. पावणेपाचचा वेळ मीही कधी कोणाला विचारून घेतला नव्हता. मग बूट काढले, लॅबला सुट्टीचा मेसेज टाकला, आणि बाबांचं पाणी तापत ठेवलं.